भाचीचं कीटो आणि नवऱ्याचं कीटो

वाचकाचं पत्र

माझे मिस्टर ५२ वर्षांचे, साखर कारखान्यात लेखा विभागात आहेत. नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी दोन वेळा आणि गेल्या वर्षीपासून सकाळी डापाग्लिफ्लोझिन चालू आहे. सहा आठवड्यांपूर्वी ऑफिसच्या ग्रुपवर वाचून त्यांनी स्वतःच कीटो सुरू केलं. भाकरी, भात, डाळ, फळं सगळं बंद. अंडी, पनीर, चिकन, लोणी आणि सकाळच्या चहात तूप. वजन ८४ वरून ७८.५ वर आलं. उपाशीपोटीची साखर १७० च्या पुढे असायची, ती आता १०४. 'मधुमेह बरा झाला', पुढच्या महिन्यात गोळ्याही बंद करतो म्हणतात, डॉक्टरकडे जायला तयार नाहीत.

पण दुपारी चारच्या सुमारास त्यांना घाम फुटतो, हात थरथरतात. साखर खा म्हटलं तर 'कीटो मोडेल' म्हणतात. आषाढी एकादशीला दिवसभर नुसतं ताक-पाणी घेतलं आणि रात्रीपासून दोन दिवस मळमळ, पोटात दुखणं, एकदा उलटी. घरी साखर तपासली तर १५२, म्हणून ॲसिडिटीची गोळी घेऊन झोपले. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी हट्टाने मऊ भात खाऊ घातला, मग बरं वाटलं. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आधी ११८ होतं, आता १७१ आलंय.

दुसरी गोष्ट म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी चार वर्षांची आहे, त्या पुण्यात असतात. तिला फिट्स येतात. तीन औषधं चालू असूनही दिवसाला सात-आठ झटके. मेंदूविकारतज्ज्ञांनी आता कीटो आहार सुचवलाय. बहिणीच्या सासरी सगळे म्हणतात, लेकराला उपाशी मारणार का? आणि आमच्याकडे मिस्टर म्हणतात, 'बघ, एवढ्याशा पोरीला डॉक्टर कीटो देतात, मला काय धाड भरलीये?' हे दोन्ही एकच आहे का? आणि पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस आहे, केकचं काय करायचं?

— एक वाचक, मिरज

उत्तर

ताई,

सदर छापून यायला दहा-बारा दिवस जातात. तेवढं थांबण्यासारखं तुमचं पत्र नव्हतं, म्हणून एक गोष्ट तुम्हाला त्याच रात्री कळवली होती. तीच इतरांसाठी पुन्हा लिहिते. डापाग्लिफ्लोझिन आणि कीटो एका ताटात चालत नाहीत. दोन्हीपैकी एक जायला हवं, आणि कोणतं जायचं हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. गोळी निव्वळ साखरेसाठी असेल तर कदाचित ती बंद होईल. हृदयासाठी किंवा किडनीसाठी दिली असेल तर गोळी राहील आणि कीटो जाईल. तोवर भाकरी सुरू करा.

आता एकादशीची रात्र. मला ती ॲसिडिटी वाटत नाही. सासूबाईंच्या मऊ भाताने बहुधा मोठं संकट टळलं. त्या दिवशी रक्तातले कीटोन, म्हणजे चरबीपासून बनणारे पदार्थ, कुणी मोजले नाहीत, त्यामुळे खात्रीने सांगता येणार नाही. पण ही गोळी, जवळजवळ शून्यावर आणलेलं पिष्ट (कार्बोहायड्रेट), दिवसभराचा कडक उपास आणि नंतर मळमळ, पोटदुखी, उलटी अशी मालिका माझ्यापुढे आली असती, तर मी रुग्णाला घरी जाऊ दिलं नसतं.

साखर १५२ होती म्हणून तुम्ही निर्धास्त झालात, यात तुमची चूक नाही. भलेभले इथेच फसतात. काही वर्षांपूर्वी माझ्याच एका रुग्णबाई गावाकडे लग्नाला गेल्या असताना उलट्या सुरू झाल्या. तिथल्या दवाखान्यात साखर १६८ भरली, 'जेवण बाधलं' म्हणून इंजेक्शन देऊन परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आल्या तेव्हा बोलता बोलता दम लागत होता, एकेक श्वास खोल, नांगरटीला जुंपलेल्या बैलासारखा. तो श्वास पाहिला की साखरेचा आकडा बाजूला ठेवायचा असतो, कारण रक्तातलं आम्ल बाहेर टाकायची ती शरीराची धडपड असते. त्यांचं रक्त आम्लधर्मी झालं होतं. गोळी याच गटातली होती. चार दिवस आयसीयूत काढून बाई सुखरूप घरी गेल्या.

हे का होतं ते जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या दोन्ही प्रश्नांचं मूळ इथेच आहे.

आपण भाकरी-भात खातो तेव्हा शरीर साखरेवर चालतं. उरलेली साखर यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेनच्या रूपात साठते, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. पिष्ट बंद केलं की पहिल्या काही दिवसांत हा साठा आणि त्याबरोबरचं पाणी उतरतं. पहिल्या आठवड्यात वजनकाट्यावर जो चमत्कार दिसतो, त्यातला बराचसा भाग पाण्याचा असतो. त्यानंतर इन्सुलिन खाली येतं, साठलेली चरबी सुटी होऊ लागते आणि यकृत त्या चरबीपासून कीटोन बनवतं. चरबी थेट मेंदूपर्यंत पोचत नाही, कीटोन मात्र पोचतात. मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं, मग उपाशी माणसाचा मेंदू चालतो कशावर, हे कोडं १९६७ साली बोस्टनमध्ये जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडवलं. कित्येक आठवडे उपास करणाऱ्या स्थूल व्यक्तींच्या मेंदूला जवळजवळ दोन तृतीयांश ऊर्जा कीटोनमधून मिळत होती. म्हणजे कीटोन हे विष नव्हे. दुष्काळात तगून राहायची ती शरीराची जुनी सोय आहे.

या सोयीला एक ब्रेक आहे, इन्सुलिनचा. कीटोन वाढले की स्वादुपिंड थोडं इन्सुलिन सोडतं आणि गाडी ताब्यात राहते. कीटो आहार घेणाऱ्या निरोगी माणसाच्या रक्तात कीटोन साधारण लिटरमागे ०.५ ते ३ मिलिमोलपर्यंत राहतात. ब्रेक निकामी झाला तर ते दहाच्याही पुढे जातात आणि रक्त आंबतं, त्याला कीटोॲसिडोसिस म्हणतात. नऊ वर्षांच्या मधुमेहात हा ब्रेक आधीच झिजलेला असतो. त्यात डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यामुळे इन्सुलिन आणखी खाली येतं आणि कीटोनला वाढायला मोकळी वाट मिळते. साखर लघवीतून निघून जात असल्याने ग्लुकोमीटरवर आकडा शहाण्यासारखा दिसतो आणि आत आग लागलेली असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गटाबद्दल असा इशारा २०१५ सालीच दिला होता. आपल्याकडे २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं, गोळी स्वस्त झाली आणि घराघरांत पोचली. गोळी खरोखर चांगली आहे, मीही लिहून देते. पण सोबतचा इशारा तितक्या घरांत पोचला नाही.

म्हणून ज्यांच्या घरी या गटातली गोळी आहे त्यांच्यासाठी एवढंच: कडक उपास, जुलाब-उलट्या, जेवण सुटलेलं दुखणं किंवा ठरलेलं ऑपरेशन असेल तर गोळी कधी थांबवायची हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. ऑपरेशनआधी साधारणपणे तीन दिवस बंद करतात. मळमळ, पोटदुखी, दम लागणं यांपैकी काही झालं तर साखर कितीही असो, रक्तातले कीटोन तपासायला सांगा. लघवीची पट्टी मिळते, पण मुख्य कीटोन तिला दिसत नाही, त्यामुळे ती कमी दाखवू शकते.

दुपारी चारचा घाम हा वेगळा मामला आहे. ती ग्लिमेपिराइडची करामत. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात भाकरी असो वा नसो. तुमच्या मिस्टरांनी खाणं निम्म्यावर आणलं आणि गोळी तशीच ठेवली, मग साखर कोसळणारच. तशा वेळी तीन छोटे चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. कीटो मोडलं तर मोडू दे. थरथरत्या हाताने स्कूटर चालवत घरी येणारा माणूस मला जास्त भीतिदायक वाटतो. पिष्ट खरंच कमी करायचं असेल तर ही गोळी पहिल्या दिवसापासून कमी किंवा बंद करावी लागते. मेटफॉर्मिनची तशी अडचण नसते.

एवढं रागावून झाल्यावर त्यांची बाजूही घेते, कारण मूळ मुद्द्यात त्यांचं चुकलेलं नाही.

मधुमेहात पिष्ट कमी केलं की साखर उतरते, हे ग्रुपवाल्यांनी शोधलेलं नाही. जॉन रोलो या ब्रिटिश सैन्यातल्या शल्यवैद्याने १७९७ साली मेरेडिथ नावाच्या एका कॅप्टनला जवळपास निव्वळ मांस आणि चरबीवर ठेवून त्याच्या लघवीतली साखर घालवल्याचं लिहून ठेवलंय. (ते मांस शिळं आणि चरबी खवट असावी असाही त्याचा आग्रह होता. ते वाचल्यापासून पनीरला कंटाळलेल्या रुग्णांना मी ही गोष्ट सांगते.) १९२१-२२ मध्ये इन्सुलिन येईपर्यंत डॉक्टरांच्या हातात आहाराशिवाय फारसं काही नव्हतंच. अलीकडे म्हणाल तर २०२१ मध्ये 'बीएमजे' या नियतकालिकात २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. कमी पिष्टाच्या आहारावर सहा महिन्यांनी ५७ टक्के लोकांचं एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.५ च्या खाली होतं, इतर आहारांवर ३१ टक्के. हा फरक लहान नाही. पण वर्षाच्या टप्प्यावर तो बराच पुसट झाला. सहा महिने पनीर गोड लागतं, पुढे लग्नसराई येते.

आणि पिष्ट कमी करणं हा एकच रस्ता आहे असंही नाही. अमेरिकेत स्टॅनफर्डला ६०९ जणांना वर्षभर कमी चरबी किंवा कमी पिष्ट अशा दोन गटांत ठेवलं, तो अभ्यास २०१८ मध्ये आला. वजन सरासरी ५.३ किलो आणि ६ किलो उतरलं, म्हणजे जवळपास बरोबरी. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' चाचणीत काही महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरींचे सूप-शेक देऊन वर्षाअखेर ४६ टक्के लोकांचा मधुमेह विनागोळी आटोक्यात आला, आणि त्या सूप-शेकमध्ये पिष्ट भरपूर होतं. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात तर हे प्रमाण ८६ टक्के. म्हणजे यकृत आणि स्वादुपिंडातली चरबी हलली पाहिजे, मग ती कोणत्या वाटेने हलते हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. आपल्याकडे दीक्षित की दिवेकर यावरून जेवणाच्या पंगतीत भांडणं झालेली मी पाहिलीत. ती वाद घालायची एनर्जी चालण्यात घातली असती तर दोन्ही बाजू बारीक झाल्या असत्या.

आपल्या ताटातला खरा घोळ मात्र पिष्टाचाच आहे. 'आयसीएमआर-इंडिअ‍ॅब' या देशव्यापी पाहणीनुसार भारतीय माणसाच्या सुमारे ६२ टक्के कॅलरी पिष्टातून येतात. त्याच मंडळींनी २०२२ मध्ये १८,०९० लोकांच्या आहारावरून गणित मांडलं, की नव्याने मधुमेह झालेल्यांना तो मागे ढकलायचा असेल तर पिष्ट ४९ ते ५४ टक्क्यांवर आणि प्रथिनं १९-२० टक्क्यांवर न्यायला हवीत. म्हणजे पाच-दहा टक्के नव्हे, निम्म्याच्या आसपास.

तुमच्या मिस्टरांचं आधीचं ताट तुम्ही लिहिलं नाही, पण मिरज-सांगलीकडचं आहे म्हणजे मी अंदाज करते. सकाळी पोहे, एका बशीत सुमारे ५० ग्रॅम पिष्ट. दुपारी दोन भाकरी आणि भात. ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत ३४ ग्रॅमच्या आसपास पिष्ट असतं, भाताच्या वाटीत ४० ग्रॅम. संध्याकाळी चहाबरोबर भडंग. भडंग म्हणजे मुरमुरेच की, त्यात लसूण कितीही छान परतलेला असला तरी. रात्री पुन्हा भाकरी-भात. बेरीज सहज ३०० ग्रॅमच्या वर जाते. तिथून त्यांनी थेट २०-३० वर उडी मारली. मधे १०० ते १३० ग्रॅमचा मोठा, राहण्याजोगा प्रदेश आहे तिकडे बघितलंच नाही.

तिथे राहायचं तर दोन्ही जेवणांत एकेक भाकरी ठेवा, ६८ ग्रॅम झाले. भात रविवारी, तोही भाकरीऐवजी. डाळ-उसळ बंद करायचं काही कारण नाही. त्यांनी डाळ सोडली हे वाचून मला वाईट वाटलं. वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ १५ ग्रॅमच्या आसपास पिष्ट देते, पण सोबत प्रथिनं आणि चोथाही देते. एक पेरू, दही, भरपूर पालेभाजी धरली तरी ११५ च्या आत राहता. नाश्त्याला पोह्यांऐवजी अंडी, किंवा मूग-मटकी परतून. भडंगाच्या जागी मूठभर भाजलेले शेंगदाणे. गूळ आणि साखर यांत फरक करू नका, ग्लुकोमीटर करत नाही. साबुदाण्याचं तर बोलायलाच नको, शंभर ग्रॅममधले ८७ ग्रॅम नुसतं पिष्ट, आणि आपण त्याला उपास म्हणतो.

तूप-लोण्याचं काय, तर एलडीएल ११८ वरून १७१ हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. कीटोवर सगळ्यांचं वाढत नाही, पण संपृक्त चरबी भरपूर घेतली की बऱ्याच जणांचं वाढतं, आणि आपल्या लोकांना हृदयविकार तसाही लवकर गाठतो. मधुमेही माणसाला १७१ मी चालवून घेणार नाही. चहातलं तूप आजच बंद. भाजीला शेंगतेल, जेवणात कारळ्याची-जवसाची चटणी, जमेल तेव्हा मासे, आणि तीन महिन्यांनी पुन्हा एलडीएल, एचबीएवनसी, किडनीची तपासणी. तरी एलडीएल उतरलं नाही तर स्टॅटिनबद्दल, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल, डॉक्टर बोलतील, तेव्हा 'ग्रुपवर वाचलंय' हे वाक्य घरी ठेवून जायला सांगा.

'मधुमेह बरा झाला' असं ते १०४ बघून म्हणतात. व्याख्या अशी आहे, की साखरेची सगळी औषधं बंद करून किमान तीन महिने एचबीएवनसी ६.५ च्या खाली राहिलं तर त्याला रेमिशन म्हणायचं. रेमिशन म्हणजे विसावा. तो मिळणं त्यांच्याही नशिबात असू शकतं, नऊ वर्षांनी जरा अवघड आहे इतकंच. साडेपाच किलो उतरवलेत हे मात्र त्यांचंच श्रेय, ते त्यांना माझ्याकडून सांगा.

आता तुमची भाची.

'एवढ्याशा पोरीला देतात' हे मिस्टरांचं वाक्य मी दोनदा वाचलं. मराठीत त्यासाठी चांगला शब्द आहे, पथ्य. आपण हल्ली डाएट करतो, पथ्य पाळत नाही. भाचीला सुचवलंय ते पथ्य आहे, अगदी औषधाच्या मात्रेत मोजलेलं. मिस्टरांनी केलं ते डाएट. नाव एकच आहे म्हणून वस्तू एक होत नाही.

उपासाने आकडी थांबते हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत होतं. १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये रसेल वाइल्डर यांनी विचार केला, की उपासाचा परिणाम कीटोनमुळे असेल तर उपाशी न ठेवता, चरबी खाऊ घालूनही कीटोन वाढवता येतील. 'कीटोजेनिक' हे नाव त्यांचंच. म्हणजे बहिणीच्या सासरच्यांना सांगा, लेकराला उपाशी ठेवावं लागू नये म्हणूनच हा आहार निघाला. त्यांच्याच संस्थेत पीटरमन यांनी प्रमाण ठरवलं. मुलाच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ ग्रॅम प्रथिनं, दिवसाला १० ते १५ ग्रॅम पिष्ट, बाकी सगळी चरबी. १९३८ नंतर फेनिटॉइनसारखी औषधं आली, गोळी देणं सोपं, तोलून जेवण देणं कठीण, त्यामुळे हा आहार मागे पडला. १९९३ मध्ये चार्ली एब्रहॅम्स या छोट्या मुलाच्या आकड्या कोणत्याच औषधाला दाद देईनात, तेव्हा त्याच्या वडिलांनी वाचून काढून त्याला जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात नेलं, आकड्या थांबल्या, आणि वडील हॉलिवूडचे दिग्दर्शक असल्याने जगाला ही गोष्ट पुन्हा कळली.

गोष्टींवर भरवसा नको असेल तर आकडे आहेत. लंडनमध्ये १४५ मुलांवर झालेली चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. औषधांना न जुमानणाऱ्या आकड्या तीन महिन्यांत निम्म्याहून कमी झालेली मुलं आहाराच्या गटात ३८ टक्के, नुसत्या औषधांच्या गटात ६ टक्के. दिल्लीच्या एम्समध्ये १०२ मुलांना घेऊन, आपल्याच जेवणातून बसवलेल्या सौम्य प्रकारावर, म्हणजे सुधारित ॲटकिन्स आहारावर, चाचणी झाली. २०१३ मधले तिचे निष्कर्ष ५२ टक्के विरुद्ध ११.५ टक्के असे आहेत. दोन-तीन औषधं हरल्यानंतर चौथं औषध सहसा इतकं यश देत नाही. काही दुर्मीळ आजारांत, उदाहरणार्थ मेंदूपर्यंत साखर वाहून नेणारं ग्लुट-१ हे प्रथिनच कमी असतं तेव्हा, हा आहार हाच पहिला उपचार असतो. आकड्या नेमक्या कशाने थांबतात यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. आईला त्याने काही फरक पडत नाही.

मात्र सगळ्या मुलांना गुण येत नाही, हेही बहिणीला आधीच माहीत असू दे. तीन महिने मनापासून करायचं, फिट्सची वही रोज लिहायची आणि मग डॉक्टरांबरोबर ठरवायचं. गुण आला तर साधारण दोन वर्षं चालवून हळूहळू सोडवतात.

स्वयंपाकघरात हे कसं दिसतं ते सांगते. भाचीचं वजन १५ किलो आणि दिवसाच्या १००० कॅलरी धरू. चारास एक या प्रमाणात, म्हणजे ४ ग्रॅम चरबीमागे प्रथिनं आणि पिष्ट मिळून १ ग्रॅम, तर दिवसाला १०० ग्रॅम चरबी, १५ ग्रॅम प्रथिनं आणि फक्त १० ग्रॅम पिष्ट. दहा ग्रॅम म्हणजे भाकरीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, आणि त्यातच दिवसभराची भाजीही बसवायची. १०० ग्रॅम चरबी म्हणजे वीस छोटे चमचे. तूप, लोणी, साय, खोबरं यांत ती वाटून घालतात. एका आईच्या ओट्यावर मी पाहिलं होतं, सोनाराकडे असतो तसा छोटा काटा, त्यावर वाटी, वाटीत अंड्याची भुर्जी आणि त्यावर १८ ग्रॅम तूप. मुलगा खाऊन उठला की ती बोटाने वाटी निपटून शेवटचं तूप त्याच्या तोंडात घालायची, कारण वाटीला राहिलेलं तूप म्हणजे चुकलेली मात्रा. आजीने लाडाने दिलेलं एक बिस्किट दोन दिवसांची मेहनत घालवू शकतं. तेव्हा सासरचे राजी झाल्याशिवाय हे सुरू करण्यात अर्थ नाही, आजी-आजोबांनाही आहारतज्ज्ञांकडे सोबत न्या.

बहिणीला काही गोष्टी मुद्दाम कळवा. सुरू करण्याआधी चरबी पचवण्यातले जन्मजात दोष नाहीत ना, हे रक्त तपासून बघतात. असा दोष असताना हा आहार जिवावर बेतू शकतो, म्हणून यूट्यूबवर बघून घरी सुरू करायचा नाही. बद्धकोष्ठ, मुतखडा, वाढ मंदावणं, रक्तातली चरबी वाढणं हे त्रास होऊ शकतात. त्यासाठी तपासण्या ठरलेल्या असतात, आणि व्हिटॅमिन-कॅल्शियम वेगळं द्यावंच लागतं. फिटच्या गोळ्या आपल्या मनाने एकही कमी करायची नाही. गोड सिरपं बंद, अगदी फिटचं औषधही सिरपमध्ये असेल तर डॉक्टरांकडून गोळीत बदलून घ्यायचं. आणि एक चिठ्ठी कायम पर्समध्ये ठेवायची, 'ही मुलगी कीटोजेनिक आहारावर आहे, साखर कमी झालेली नसेल तर ग्लुकोजची सलाइन लावू नये.' रात्री तापासाठी जवळच्या दवाखान्यात नेल्यावर पहिली बाटली ग्लुकोजचीच लागते, हा माझा अनुभव आहे.

कर्करोग, अल्झायमर, मायग्रेन, पीसीओएस या सगळ्यांवर कीटोचे व्हिडिओ मिस्टरांच्या ग्रुपवर येत असतील. संशोधन चालू आहे, काही ठिकाणी आशादायक आहे, पण लहान मुलांच्या आकडीइतका पक्का पुरावा यांत कुठेच नाही. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी आणि टाइप-१ मधुमेह असलेल्यांनी स्वतःहून याच्या वाटेला जाऊ नये.

मीही एकदा तीन आठवडे करून पाहिलं होतं, रुग्णांना सांगायच्या आधी आपण चाखावं म्हणून. वजन उतरलं, पायात गोळे आले, तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास यायला लागला. तो ॲसिटोनचा, म्हणजे शरीर बरोबर वाटेवर होतं. बाविसाव्या दिवशी आईने पिठलं-भाकरी केली आणि माझं संशोधन तिथे संपलं.

केकचं विचारलंत. मेणबत्ती लागते ती वाढदिवसाला, मैदा नव्हे. बिनसाखरेचं ताजं क्रीम घट्ट फेटायचं, त्यात किसलेलं ओलं खोबरं, वाटीत दाबून फ्रीझरमध्ये ठेवायचं आणि उलटं काढायचं. पांढराशुभ्र छोटा केक होतो. किती ग्रॅम क्रीम आणि किती खोबरं, हे त्यांच्या आहारतज्ज्ञ आदल्या दिवशी सांगतील, कारण तो तिच्या त्या वेळच्या जेवणातूनच वजा होणार. बाकीच्या मुलांनाही तोच द्या, वेगळा मोठा केक आणून तिच्यासमोर कापू नका. आणि पाहुण्यांच्या दाराशीच तिच्या आजीला उभं करा, चॉकलेटं गोळा करायला.